टायर टिकायला हवा की धरायला? आगोटीच्या आधी एकदा भांडून घेऊ

सड्यावरचा (धागाकर्ता)

गाडी साधीच, २०१७ ची स्विफ्ट व्हीएक्सआय, टायर १६५/८० आर १४ (रुंदी १६५ मिमी, उंची तिच्या ८० टक्के, रिम १४ इंची). बदली व्हायच्या आधी ती मुंबईत सोसायटीच्या उन्हात उभी असायची, त्यामुळे आठ वर्षांत जेमतेम ३१ हजार किमी. आता रोज लांजा ते रत्नागिरी, हातखंब्यावरून, जाऊन येऊन ऐंशीच्या आसपास.

गेल्या जूनमध्ये कोल्हापूरहून येताना आंबा घाट उतरत होतो, पहिलाच जोराचा पाऊस. वेग फार तर पस्तीस. एका वळणावर स्टिअरिंग डावीकडे वळवलं आणि गाडी आपली सरळच. ब्रेक दाबला तर एबीएसचा (ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा) खडखड आवाज पायाला लागला, बाकी काही नाही. कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. बायको पाच मिनिटं काही बोलली नाही, मग फक्त म्हणाली, "टायर बघून घे."

बघितले. नक्षी चांगली चार मिलिमीटर खोल होती! कायद्याने १.६ पुरते, म्हणजे कागदावर टायर धडधाकट. पण अंगठ्याचं नख दाबलं तर नारळाच्या करवंटीवर दाबल्यासारखं, रुतेचना. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, शेवटचे चार आकडे २२१७, म्हणजे २०१७ चा बाविसावा आठवडा. रबर म्हातारं होऊन कडक झालं होतं एवढंच.

दुकानात गेलो तर पहिलं वाक्य, "साहेब हा घ्या, मरेपर्यंत चालेल." अर्थ काढायचा तसा निघतो. आपल्याकडे टायर विकताना आणि घेताना एकच हिशोब, किती हजार किमी चालला. काही मॉडेलांच्या तर नावातच लाइफ नाहीतर मायलेझ. ओल्यावर किती धरतो हे कोणी विचारत नाही, जिथे चार महिने रस्ता ओलाच असतो तिथेसुद्धा. मी हट्टाने योकोहामाचे अर्थ-१ घातले, अख्खा पावसाळा घाट केला, समाधानी आहे. ऑफिसात मात्र रोज ऐकतो की हे पस्तीस-चाळीस हजार किमीत संपणार, तुला गंडवलंय.

माझं म्हणणं असं की कोकणात रोजची गाडी असेल तर टायर ओल्या पकडीवर घ्यावा, चार-पाच हजार रुपयांच्या आतला, ताज्या तारखेचा, आणि मिरगाच्या आधी घ्यावा. लाखभर किमीचा टायर घाटावरच्या लोकांना लखलाभ. बोला.

काजूबोंडू

साफ चूक. तुझे आठ वर्षांचे टायर घसरले आणि तू निष्कर्ष काढलास कंपाउंडवर, म्हणजे रबराच्या मिश्रणावर? कुठलाही नवा टायर घातला असतास तरी फरक पडलाच असता.

माझी वाडी मेन रोडपासून सात किमी आत, त्यातले तीन किमी नुसता उघडा जांभा. तुम्ही हायवेवाले डांबरावरून जाता, तुम्हाला जांभ्याची धार माहीत नाही. मी पण एकदा असाच 'आरामदायी, मऊ' टायर घेतला होता, मोठ्या नावाचा, नाव घेत नाही. पहिल्याच वर्षी दोघांच्या साइडवॉलला कापलं, एकाला लिंबाएवढा फुगा आला. साइडवॉलला पंक्चर काढत नाहीत, टायर सरळ बाद. तेव्हापासून जाड कडक टायर, ५५-६० हजार आरामात काढतो.

हिशोब मांडतो. चार टायर १८ हजार धर. साठ हजार चालले तर किमीला ३० पैसे, पस्तीस हजार चालले तर ५१ पैसे. मी वर्षाला १५ हजार फिरतो, म्हणजे फरक तीन हजारांवर. आणि पाऊस असेल तर माणसाने हळू जावं. आमचे आजोबा सायकलच्या टायरवर घाट उतरायचे.

सड्यावरचा

आजोबांची सायकल साडेनऊशे किलोची नव्हती हो.

तीन हजार वर्षाला म्हणजे महिन्याला अडीचशे. पापलेटची एक थाळीसुद्धा तेवढ्यात येत नाही आता. आणि हळूचं म्हणाल तर पस्तीस म्हणजे मी काही उडवत नव्हतो.

साइडवॉलचा मुद्दा मात्र मान्य, तुमच्या वाटेला मी माझे टायर सुचवणार नाही.

घाटवळण

दोघेही अर्धं बोलताय. कडक म्हणजे टिकाऊ, मऊ म्हणजे पकड, हे ढोबळ गणित बरोबर आहे, पण आता रबरात सिलिका घालतात. त्याने ओली पकडही सुधारते आणि टायर फिरायला हलकाही राहतो, त्यामुळे दोन टायर हाताला सारखे लागले तरी ओल्यावर वागणं वेगळं असू शकतं.

आणि नक्षी. रुंद, खोल, सलग उभे चर असलेला बघा, पाणी बाहेर फेकायचं काम त्यांचं. १.६ ची खूण आली की बदलायचा हे कोरड्या गावांचं झालं. मी तीनवर आला की मे महिन्यात काढतो. साचलेल्या पाण्यात टायर पाण्यावर चढला की स्टिअरिंग लोण्यासारखं हलकं होतं, तेव्हा ब्रेक मारू नका, अॅक्सिलरेटरवरचा पाय उचला आणि सरळ धरा.

अजून एक, दुकानदार टायरवरचे स्टार दाखवतात ना, ते इंधनबचतीचे. त्यावरून पकड ओळखू नका.

रुंद_पट्टा

साधा उपाय कोणीच सांगितला नाही. १६५/८० काढा, १८५/७० आर १४ घाला. रिम तोच. व्यास काढून बघा, आधीचा साधारण ६२० मिमी, हा ६१५, स्पीडोमीटरला एक टक्कासुद्धा फरक नाही. रुंदी वीस मिलिमीटरने वाढते, गाडी रस्त्याला चिकटून चालते. मी तीन वर्षं वापरतोय, वळणावर गाडी झुकत नाही.

घाटवळण

कोरड्यावर हो. साचलेल्या पाण्यात रुंद टायर लवकर तरंगतो, कारण तेवढंच वजन जास्त रुंदीवर पसरतं आणि पाणी बाजूला सारायला जास्त लागतं. शिवाय अॅव्हरेज थोडं पडतं आणि स्टिअरिंग जड. ज्याला अॅव्हरेज दिसतं तो आठवड्यात रडत येतो.

रुंद_पट्टा

मग रेसच्या गाड्यांना सायकलचे टायर लावा :)

घाटवळण

रेसमध्येही पाऊस आला की चर असलेले टायर घालतात, गुळगुळीत काढून ठेवतात.

मालवणी_मेवणो

माझा ऐकशात? टायर कसलोय घाला, मासळीच्या गाडीतलां पाणी रस्त्यार गळलेलां असला काय समदे सारखेच. देवाक नारळ ठेवा आणि पुढच्याक जागा द्या. माझ्या मेवण्याची गाडी नव्या टायरांवर कुडाळाक गिरक्या खाल्ली, नि माझी जुनी मारुती बाजूसून गपचूप गेली.

सड्यावरचा

मेवण्याचे टायर किती नवे होते? पहिले दोन-अडीचशे किमी नवा टायर जपूनच चालवायचा, साच्यातून सुटायला लावलेला बुळबुळीत थर वरच असतो. हे मला दुकानदाराने सांगितलं नाही, मीच घसरून शिकलो, पार्किंगमध्ये, सुदैवाने.

मालवणी_मेवणो

त्याच दिवशी घातलेले. बरां झालां सांगितलास, आता त्याका चिडवूक आणि एक मिळाला.

पंपावरचा

मी टायरच्या दुकानात सात वर्षं काम केलंय (चिपळूणकडे, नाव विचारू नका). तुम्ही कंपाउंडवर भांडताय, पण आमच्याकडे येणाऱ्या दहातल्या सहा गाड्यांची हवाच चुकलेली असायची. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर लिहिलेली हवा भरा, थंड टायरला. लोक "चाळीस मार" म्हणतात, मग टायर मधोमध झिजतो आणि ओल्यावर गाडी उड्या मारते. कमी हवा असेल तर दोन्ही कडा खातो.

नायट्रोजनवर पैसे घालवू नका, साध्या हवेत ७८ टक्के तोच असतो. तेच पैसे अलाइनमेंटला द्या, खड्ड्यांतून महिना काढलात की गाडी एका बाजूला ओढायला लागते आणि टायर आतल्या कडेने चकोट होतो. बाहेरून नवाकोरा दिसतो, हात आत घालून बघाल तर तारा लागतात.

घेताना तारीख दाखवायला सांगा. दुकानदाराला तारखेचं विचारलं की तो मागच्या रॅकवरून टायर काढतो, पुढच्यावरून नाही, एवढंच सांगतो. आणि २०२५ च्या सप्टेंबरात टायरचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, जुन्या दराच्या गप्पा मारून कोणी किंमत सांगत असेल तर बिल मागा.

दर्यादेवी

खर्चाचं कोणी बोलत नाही नीट. चार टायर एकदम घ्यायला सगळ्यांकडे पैसे नसतात. मी शाळेत शिकवते, अल्टो आहे, या वर्षी दोनच घेणार. मेकॅनिक म्हणतो पुढे लाव, इंजिन पुढे आहे, ओढतात ते पुढचे. बरोबर का?

पंपावरचा

मागे लावा ताई. मेकॅनिकचं पटण्यासारखं आहे पण उलटं आहे. पुढच्याची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, तुम्ही वेग कमी करता आणि ती परत हातात येते. मागच्याची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते आणि आपल्यातल्या कोणालाच ती सावरता येत नाही. चांगले दोन मागे, उरलेले दोन पुढे, पुढचे झिजले की मागचे पुढे आणायचे आणि नवे परत मागे.

काजूबोंडू

हे मी पहिल्यांदा ऐकतोय. तीस वर्षं नवे पुढे लावतोय.

पंपावरचा

दुकानातही निम्मे लोक भांडायचे यावर. लावून द्यायचो मग पुढे, गिऱ्हाईक राजा.

दर्यादेवी

आणि सेकंडहँड? इथे एकजण शहरातून आणून विकतो, हजारात एक, नक्षी नव्यासारखी.

सड्यावरचा

ताई, माझ्या करवंटीची नक्षीसुद्धा नव्यासारखीच होती. अल्टोचे टायर बारके, स्वस्तच असतात, दोन नवेच घ्या. नाहीच जमलं तर निदान ते चार आकडे वाचून घ्या.

काजूबोंडू

ठीक आहे, एवढं पटलं की तारीख बघायची. कडक टायरवरून मी हटणार नाही, जांभा माझा आहे तुमचा नाही. पण आत्ताच अंगणात जाऊन चारही टायर वाचून आलो. तीन २०२२ चे, एक २३ चा. मग म्हटलं स्टेपनी पण बघू. डिकीतलं गोणपाट, जॅक, मुलाची बॅट सगळं काढलं.

३११४.

घाटवळण

२०१४ चा एकतिसावा आठवडा. म्हणजे त्याला आता गणपतीला आरती करायची.

काजूबोंडू

एकदाही जमिनीला लागलेला नाही, टिकली अजून आहे त्यावर, काढवत नाही हो फेकायला.