मागच्या फाटकाचं चकरी गेट : लेआउटच्या ग्रुपवरची चर्चा

प्लॉट 4 (ताई): मागच्या फाटकातून मोटरसायकली अन् बकऱ्या आत येऊनच राहिल्या. मेळाव्यात असते तसं तीन दांड्यांचं गेट मागवायचं का?

प्लॉट 11 (फॅब्रिकेशन): ताई, ते इथं नका लावू. तीन दांड्यांचा गोळा 45 अंशात तिरपा बसवलेला असतो. एक दांडी आडवी असली की बाकीच्या दोन खाली कलतात. खाली सगळं मोकळं, बकरी अन् कुत्रं आरामात निघते. आतला दातेरी भागही लहान असतो, धुळीत अडकतो. आपल्याला उभ्या खांबाभोवती फिरणारी चार दांड्यांची चकरी पाहिजे, दोन थरांची. खालचा थर जमिनीपासून 45 सेंमीवर, वरचा 95 वर.

प्लॉट 19: दांडी किती लांब घ्यायची भाऊ?

प्लॉट 11: खांबाच्या मधापासून 60 सेंमी. ज्या बाजूनं माणूस जातो तिथं 66 सेंमी त्रिज्येचा गोल कठडा, निदान पाव वर्तुळ तरी. त्याहून कमी केला तर दोन दांड्यांच्या मधे फट उघडी पडते. टोक अन् कठडा यांत 6 सेंमी अंतर ठेवायचंच, नाहीतर पोरांची बोटं चेंगरतात. दुसऱ्या बाजूला फिरत्या दांड्यांच्या मधून जातील असे आडवे स्थिर पाइप, 20 अन् 70 सेंमीवर. दांडी अन् पाइप अगदी जवळजवळ ठेवले तर ते कात्रीसारखं काम करते, म्हणून मधे भरपूर जागा.

प्लॉट 7 (काका): सगळ्यात आधी जमिनीचं बोला. दर्यापूरकडची ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. खांब वेगळा अन् कठडा वेगळा रोवला तं वर्षाच्या आत दोघं दोन दिशेला जातात. 6 सेंमीचं अंतर एका बाजूला संपते, दांडी घासते, आतला बुश (दांडा ज्यात फिरतो ती बाही) एकाच बाजूनं झिजतो. म्हणून दोघांखाली एकच काँक्रीटचा पाट पाहिजे. हलला तरी सगळं सोबत हलते.

प्लॉट 11: बरोबर काका. खड्डा सव्वा मीटर, खाली 30 सेंमी मुरूम थराथरानं ठोकून, त्यावर 1:1.5:3 (सिमेंट, वाळू, गिट्टी) चा माल. खांब 75 सेंमी आत.

प्लॉट 7 (काका): आणि आपण खारपाणपट्ट्यात, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागात राहतो, हे विसरू नका. लोखंड जमिनीच्या रेषेवरच आधी सडते. काँक्रीट जमिनीच्या 5 सेंमी वर आणून चारी बाजूंनी उतार द्या, पाणी थांबलं नाही पाहिजे. गाडला जाणारा पाइप डांबरी रंगानं दोन हात रंगवा.

प्लॉट 22 (काकू): बेअरिंगमधे पाणी जाणार नाई का? शाळेजवळचं गेट पहिल्याच पावसाळ्यात जाम झालं होतं.

प्लॉट 11: काकू, ते जाम होते कारण फिरता दांडा खालच्या वाटीत बसवतात. वाटी म्हणजे पाण्याचा अन् चिखलाचा खड्डाच. आपण उलटं करू. आतला खांब स्थिर, 50 एनबी पाइप (एनबी म्हणजे आतल्या व्यासाचं ढोबळ माप, मिमीत), बाहेरून 60.3 मिमी. त्याच्यावर 65 एनबीचा नळा वरून घालायचा, तोच फिरतो. सगळं वजन वरच्या 30206 नंबरच्या टेपर (तिरप्या रोलरच्या) बेअरिंगवर, त्यावर झाकण. खाली फक्त नायलॉनचा बुश. नायलॉन पाणी पिऊन थोडा फुगतो, म्हणून अर्धा मिमी ढिला ठेवायचा. वरून खाचेचा नट अन् स्प्लिट पिन, नाहीतर पोरं नळा उचलून काढतील. बेअरिंगची जागा लेथवरच काढून घ्या, अकोल्याला होते. हातानं घासून बसवलेलं बेअरिंग टिकत नाही.

प्लॉट 19: उलटं फिरू नये म्हणून दाते लागतील ना?

प्लॉट 11: नको. येणं-जाणं एकाच वाटेनं आहे. एकतर्फी करायचंच असलं तर चार दात्यांवर थांबू नका. चार दाते म्हणजे एका दात्यापासून दुसऱ्यापर्यंत 90 अंश; दांडी त्यातल्या पाऊण वाटेवर सोडली की जवळपास 70 अंश मागं येऊन पोटात लागते. बारा दाते केले तर मागं येणं 30 अंशाच्या आतच राहते.
आपल्याला दात्यांपेक्षा ठेपा महत्त्वाचा. चार खाचांची तबकडी अन् स्प्रिंगनं दाबलेलं 6000 नंबरचं छोटं बेअरिंग. प्रत्येक पाव फेऱ्याला ते खाचेत बसते. ठेपा नसला तं दांडी अर्ध्यात उभी राहते, पुढच्याला वाट मिळत नाही. पण स्प्रिंग कडक घेऊ नका. खाचेत जाताना चकरी झटका घेते अन् मागची दांडी म्हाताऱ्या माणसाच्या पाठीत बसते. तळहातानं सहज ढकललं जावं, एवढंच.

प्लॉट 4 (ताई): पाइप जीआयचा (जस्त चढवलेला) घेतला तर?

प्लॉट 11: चालते. 25 एनबी, आठ दांड्यांचं वजन 12 किलोच्या आसपास. पण वेल्डिंगआधी जोडाचा जस्ताचा थर घासून काढा, त्याचा धूर छातीला वाईट. नंतर जोडावर झिंकचा रंग. वरचा रंग पांढराच पाहिजे, मे महिन्यात 45 डिग्रीला काळ्या पाइपाला हात लागत नाही.

प्लॉट 22 (काकू): व्हीलचेअर अन् तिरडी कशी न्यायची?

प्लॉट 7 (काका): हे तं पक्कंच पाहिजे. चकरीच्या बाजूला 120 सेंमीचं फाटक, बाहेर उघडणारं, दिवसा फक्त कडी, कुलूप नाही. स्ट्रेचर, सिलेंडर, लेकराची गाडी, सगळं तिथूनच. अन् आग लागली तं चकरी हा बाहेर पडायचा रस्ताच नाही, एका वेळी एक माणूस निघते.

प्लॉट 19: मग मोटरसायकलवाले तिथूनच येतील.

प्लॉट 7 (काका): येतील, पण त्यांना अडवायला फाटकाच्या पुढं एक मीटरवर खांब नका रोवू, स्ट्रेचर वळत नाही. कडी आतून, दीड मीटर उंचीवर ठेवा. गाडीवर बसून कडी काढणं अवघड जाते. व्हीलचेअरवरल्या माणसासाठी बाहेर 90 सेंमीवर घंटीचं बटन.

प्लॉट 4 (ताई): ग्रीस कधी?

प्लॉट 11: मृगाच्या आधी एकदा, दिवाळीनंतर एकदा. एपी-3 लिथियम ग्रीस, झाकणाखालच्या जागेचा तिसरा हिस्साच भरा. जळकं इंजिन ऑइल कोणी टाकू नका, धूळ मिसळून त्याची रगड होते अन् बेअरिंग खाऊन टाकते.
अन् माल टाकायच्या आधी बाजूच्या फाटकाच्या बिजागरीच्या प्लेटा पाटात बसवून घ्या, नंतर काँक्रीट फोडावं लागेल. परवा सकाळी मापाची दोरी लावू, काका तुम्ही या.