शब्दचर्चा : ‘बॅरिटोन’, ‘अष्टपैलू’ आणि भूमिका ‘रंगवणे’

प्रश्न

टिटो गॉबी (१९१३ ते १९८४) या इटालियन ऑपेरा-गायकाच्या रंगमंचीय कारकिर्दीवर एका स्मरणिकेसाठी टिपण लिहीत आहे आणि तीन शब्दांपाशी अडलो आहे. पहिला शब्द ‘बॅरिटोन’. संपादकांनी त्यासाठी ‘घनगंभीर आवाजाचा गायक’ असा पर्याय सुचवला. परंतु रोसिनीच्या ऑपेरातील सेव्हिलच्या न्हाव्याची खेळकर, भरधाव पदे गाणाराही बॅरिटोनच असतो, त्याला घनगंभीर कसे म्हणावे? दुसरा शब्द ‘अष्टपैलू’. गॉबी यांनी शंभराच्या आसपास भूमिका केल्या, चित्रपटांत कामे केली, पुढे ऑपेरांचे दिग्दर्शनही केले. त्यामुळे हा शब्द सहज सुचतो, पण क्रिकेटमध्ये तो इतका रुळला आहे की गायकाला लावताना किंचित खटकतो. तिसरी अडचण क्रियापदाची आहे. भूमिका ‘केली’, ‘वठवली’, ‘साकारली’ आणि ‘रंगवली’ यांत काही अर्थभेद आहे का, की केवळ पुनरुक्ती टाळण्यासाठी ते आलटून पालटून वापरावेत?

प्रतिसाद

‘बॅरिटोन’ला मराठी प्रतिशब्द का नाही, याचे कारण भाषेत नसून गाण्याच्या रीतीत आहे. आपल्याकडे गायक आपली पट्टी स्वतः ठरवतो. संगीत नाटकातले पद पेटीच्या काळी एक या पट्टीत म्हणायचे की पांढरी चारमध्ये, हे त्या नटाच्या गळ्यावर अवलंबून असे आणि ऑर्गनवाला त्यानुसार साथ करी. ऑपेरात संगीतकाराने लिहिलेला स्वर सहसा हलवला जात नाही. इटालियन संगीतकार व्हेर्दीने ज्या उंचीवर स्वर लिहिला, त्या उंचीवर तो गाऊ शकणारा गळा शोधावा लागतो. त्यामुळे तिथे आवाजांची प्रतवारी स्वरांच्या पल्ल्यावरून झाली आणि पुरुषांच्या आवाजांना, उंचाकडून खाली, टेनर, बॅरिटोन आणि बास अशी नावे पडली. मराठीत आवाजाच्या गुणांसाठी शब्दांची चंगळ आहे (ढाला, पल्लेदार, भरदार, पहाडी, घोगरा, टिपेचा), पण त्यांतला एकही शब्द नेमका पल्ला सांगत नाही. ‘घनगंभीर’ही त्याच जातीचा असल्याने आपली शंका रास्त आहे.

वाचकाला कल्पना यावी म्हणून पल्ला आपल्या परिभाषेत असा सांगता येईल : काळी एकमध्ये गाणारा ख्यालगायक मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत (खालच्या सप्तकातल्या ‘प’पासून वरच्या सप्तकातल्या ‘प’पर्यंत) फिरतो, तेव्हा तो जवळजवळ बॅरिटोनच्याच मुलखात वावरत असतो. फरक आहे तो भर कुठे द्यायचा यात. आपला गायक मध्य सप्तकात रमतो आणि तार पंचमाला पाहुण्यासारखा जाऊन येतो. व्हेर्दीच्या बॅरिटोनला मात्र त्या वरच्या टोकाजवळ बराच वेळ तळ ठोकावा लागतो, तोही ध्वनिवर्धकाशिवाय आणि पूर्ण वाद्यवृंदाच्या वरून. म्हणून ‘बॅरिटोन’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी ‘टेनरपेक्षा खालच्या आणि बासपेक्षा वरच्या पल्ल्याचा पुरुषी आवाज’ एवढे स्पष्टीकरण द्यावे.

प्रतिसाद

जाता जाता ‘कारकीर्द’विषयी. हा शब्द मुळात राज्यकारभाराचा आहे; पेशव्यांची कारकीर्द, अमुक राजाची कारकीर्द असा त्याचा जुना वापर. व्यक्तीच्या व्यवसायातील वाटचालीसाठी तो आता पूर्ण रुळला आहे, त्यामुळे बदलण्याचे कारण नाही. ‘रंगमंचीय’ मात्र कृत्रिम वाटते. ‘रंगभूमीवरील कारकीर्द’ म्हणावे.

प्रतिसाद

मूळ प्रश्नातील दुसरा आणि तिसरा मुद्दा एकत्र घ्यावा असे मला वाटते, कारण गोब्बींच्या (प्रश्नातील ‘गॉबी’) बाबतीत ते एकमेकांपासून सुटे करता येत नाहीत.

‘अष्टपैलू’ हा शब्द अनेक क्षेत्रांतली गती मोजतो. क्रिकेटपटू गोलंदाजीही करतो आणि फलंदाजीही. लेखक कथा, नाटक आणि कविता लिहितो. गोब्बींच्या भूमिकांचा विस्तार या अर्थाने खरोखरच थक्क करणारा आहे. १९३५ मध्ये गुब्बिओ येथे त्यांनी बेल्लिनीच्या ‘ला सोनांबुला’मधील काउंट रोदोल्फोच्या, म्हणजे बासच्या भूमिकेतून पदार्पण केले. १९४२ या एकाच वर्षात त्यांनी मिलानच्या ला स्काला या ऑपेरागृहात दोनित्सेत्तीच्या विनोदी ऑपेरातला ऐटबाज सार्जंट बेलकोरे गायला आणि रोममध्ये आल्बान बेर्गच्या ‘वोझेक’च्या इटलीतील पहिल्या प्रयोगात, तुल्लिओ सेराफिन यांच्या संगीतसंचालनाखाली, पिचलेल्या सैनिकाची शीर्षक भूमिका केली. पहिल्या भूमिकेत गोड, गोलाईदार ओळी आहेत, तर दुसरीत बोलणे आणि गाणे यांच्या सीमेवरचे तुटक, बेचैन उच्चारण आहे. इथपर्यंत ‘अष्टपैलू’ चालेल.

परंतु ज्या गुणामुळे गोब्बींचे नाव घेतले जाते, तो या शब्दात येत नाही. त्यांच्या पिढीत एत्तोरे बास्तियानीनी यांच्यासारखे अधिक भरदार आणि वरच्या स्वरांत अधिक सहज आवाज होते. गोब्बींचे वैशिष्ट्य असे की एकाच गळ्यातून ते प्रत्येक पात्राचा वेगळा आवाज काढत. व्हेर्दीच्या ‘ओतेल्लो’मध्ये याच्यासाठी उत्तम प्रसंग आहे : कास्सिओ झोपेत काय पुटपुटला याची बनावट हकीकत कपटी इयागो (ही बॅरिटोनची भूमिका) ओतेल्लोला सांगतो, तेव्हा संगीतकाराने आवाज दबका ठेवायला सांगितले आहे आणि गायकाला स्वतःचा नव्हे, दुसऱ्याच्या स्वप्नातला आवाज गायचा असतो. पुच्चीनीच्या ‘ज्यान्नी स्कीक्की’मध्ये तर नायक मेलेल्या श्रीमंताच्या बिछान्यात शिरून, त्याच्या आवाजात, नवे मृत्युपत्र सांगतो. म्हणजे बॅरिटोनने आपला कमावलेला आवाज लपवायचा आणि तरीही गात राहायचे! गोब्बींच्या ध्वनिमुद्रणात हा भाग ऐकताना नाकातून येणारा म्हाताऱ्याचा स्वर आणि मध्येच डोकावणारा लबाड स्कीक्की, असे दोघे वेगळे ओळखू येतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण व्हेर्दीचा ‘सिमोन बोक्कानेग्रा’. त्याच्या प्रस्तावना-प्रवेशात नायक तरुण दर्यावर्दी आहे आणि पहिला अंक उघडतो तेव्हा मध्ये पंचवीस वर्षे गेलेली असून तो जिनोआचा प्रौढ सत्ताधीश झालेला आहे. हे वय केवळ पांढऱ्या दाढीने दाखवून भागत नाही, ते स्वरात उतरावे लागते. १९६५ मध्ये शिकागो आणि लंडन येथे गोब्बींनी ही भूमिका करतानाच या ऑपेराचे दिग्दर्शनही केले. त्यांना चित्रकलेचा नाद होता आणि पात्रांच्या रंगभूषेचा विचार ते स्वतः करत.

म्हणून ‘रंगवणे’ हेच क्रियापद मला इथे योग्य वाटते. ‘करणे’ तटस्थ आहे, नोंदीपुरते वापरावे. ‘साकारणे’ अलीकडे वृत्तपत्रांनी इतके झिजवले आहे की त्यातला आकार हरवला आहे. ‘वठणे’ याचा एक अर्थ नीट उमटणे, फळास येणे असा आहे; हुंडी वठते, धनादेश वठतो, तशी लिहिलेली भूमिका प्रयोगात वठते. (वाळलेल्या झाडाचे ‘वठणे’ नवख्या वाचकाला गोंधळात पाडते, पण त्याला इलाज नाही.) भूमिका वठली याची पावती प्रेक्षक देतो. ‘रंगवणे’ मात्र नटाच्या हातचे काम सांगते आणि आपण आवाजाचाही रंग म्हणतो, त्यामुळे गळा आणि रंगभूषा दोन्ही त्यात येतात.

प्रतिसाद

वरील विवेचन पटते, तरी ‘रंगवणे’ या शब्दाला एक धोका आहे. मराठीत ‘रंगवून सांगणे’ म्हणजे तिखटमीठ लावणे. गोब्बींचा स्कार्पिया नेमका याच्या उलट होता. पुच्चीनीच्या ‘तोस्का’मधील हा पोलीसप्रमुख अनेकांनी आरडाओरडा करून गायला आहे. १९५३ साली ला स्कालाच्या वाद्यवृंदासह, गायिका मारिया कालास यांच्या समवेत झालेले ध्वनिमुद्रण ऐकावे, किंवा १९६४ साली लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरागृहातला दुसरा अंक चित्रित झाला आहे तो पाहावा. हा माणूस सभ्य, अदबशीर बोलतो आणि म्हणूनच त्याची भीती वाटते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात १९५६ साली त्यांनी पदार्पण केले तेही याच भूमिकेत. ‘खलनायक रंगवला’ असे लिहिल्यास मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे मिशा पिळणारा खलपुरुष उभा राहील.

माझी सूचना अशी की नामच बदलावे. आपल्याकडे ‘गायकनट’ हा तयार शब्द आहे आणि त्यात नट हे मुख्य पद आहे, हे पुष्कळदा विसरले जाते. गणपतराव बोडस यांनी ‘मानापमान’मधला लक्ष्मीधरही केला आणि ‘एकच प्याला’मधला सुधाकरही, हास्यास्पद गर्विष्ठापासून दारूत बुडालेल्या बुद्धिमान वकिलापर्यंतचे ते अंतर आहे. संगीत नाटकात गद्य संवाद असतात आणि ऑपेरात सहसा सारे काही गायले जाते, हा भेद सांगून ‘गायकनट’ वापरल्यास ‘अष्टपैलू’ची गरजच उरत नाही.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे आभार. ‘बॅरिटोन’ स्पष्टीकरणासह ठेवतो आणि ‘गायकनट’ स्वीकारतो. इयागो, स्कीक्की आणि बोक्कानेग्रा यांच्यासाठी ‘रंगवणे’ आणि स्कार्पियासाठी ‘वठवणे’ असा भेद करावा, असे ठरवतो आहे. एक शंका राहते : काही जण ‘गोब्बी’ लिहितात, मी ‘गॉबी’ लिहिले. योग्य कोणते?

प्रतिसाद

‘तितो गोब्बी’ लिहावे. इटालियनमध्ये जोडव्यंजनावर खरोखरच आघात होतो आणि ‘t’ दंत्य, म्हणजे आपल्या ‘त’सारखा असतो, त्यामुळे मराठीला हे उच्चार जसेच्या तसे उतरवता येतात. ‘टिटो गॉबी’ हे इंग्रजीच्या वाटेने आलेले रूप आहे. स्मरणिकेत रोसिनी आणि पुच्चीनी यांची नावेही याच नियमाने तपासून घ्यावीत : मूळ इटालियन लेखनात पहिल्यात ‘स’ दुहेरी आहे, तेव्हा काटेकोरपणे ‘रोस्सीनी’ होईल. दुसरे बरोबर आहे.