मुलांच्या स्टूल (शौच) सँपलवर सीबीनॅट (टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणारं मशीन) एरर देतंय, जीए (जठरातून ओढलेला द्रव) निगेटिव्ह येतंय – मदत हवी आहे

पाच वर्षांखालची मुलं बेडका गिळतात, म्हणून टीबीच्या तपासणीसाठी वॉर्डातून स्टूल आणि गॅस्ट्रिक अ‍ॅस्पिरेट (जीए) येतं. मशीनची कार्ट्रिज (चाचणीची डबी) अल्ट्राची, म्हणजे जास्त संवेदनशील प्रकारची आहे. स्टूलला सारखा एरर २००८ येतो. जीए निगेटिव्ह, कल्चरलाही (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) काही वाढत नाही. मात्र घरात टीबीचा रुग्ण आहे आणि एक्स-रेत गाठी दिसतात. स्टूल किती घ्यायचं? जीएमध्ये बायकार्ब (आम्ल मारणारं सोडियम बायकार्बोनेट) घालावंच लागतं का?

प्रतिसाद १
२००८ म्हणजे कार्ट्रिजमधला दाब मर्यादेबाहेर गेला. स्टूलच्या बाबतीत मशीनवर संशय घेण्याआधी गाळ बघा. ०.८ ग्रॅम पुरे, म्हणजे भिजलेल्या हरभऱ्याएवढं. जास्त घेतलं की जंतू जास्त मिळतील असं वाटतं, पण गाळ आणि पीसीआरला (डीएनए वाढवून शोधण्याच्या क्रियेला) अडवणारे घटकच वाढतात. सुरुवातीला वजन करूनच घ्या, मग नजर बसते.

कार्ट्रिजसोबतच्या ८ मिलीच्या सँपल रीएजंटच्या (नमुन्यावर प्रक्रिया करणाऱ्या द्रावणाच्या) बाटलीत ते थेट टाका. ३० सेकंद जोरात हलवा, १० मिनिटं ठेवा. पुन्हा ३० सेकंद, पुन्हा १० मिनिटं. इथे घाई होते. दुसऱ्यांदा ठेवल्यावर बाटली हलवायची नाही, तिरकीही करायची नाही. तरंगणारे कण दिसले तर आणखी १० मिनिटं द्या. वरचं २ मिली पिपेटने सावकाश घ्या, टोक गाळापासून वर ठेवा, बुडबुडे नकोत.

प्रतिसाद २
जीएचं काम वॉर्डात बिघडतं. मूल किमान ४ तास उपाशी हवं आणि पहाटे अंथरुणातून उठवायच्या आधीच नळी घालायला हवी. उठून फिरलं, दूध प्यायलं की रात्रभर गिळलेला बेडका जठरातून पुढे जातो. ५ ते १० मिली मिळायला हवं. काहीच आलं नाही तर ५-१० मिली निर्जंतुक सलाइन सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, परत ओढा. लागोपाठ दोन दिवस घ्या.

कल्चर लावणार असाल तर बायकार्ब हवंच, नमुन्याइतकंच आणि तिथल्या तिथे. लॅबमध्ये आल्यावर घालून उपयोग नाही, तोवर आम्लाने जंतू मेलेले असतात. नमुना ४ तासांत पोहोचवा.

धागाकर्ता
खूप आभार. नेहमी १० मिनिटं एकदाच ठेवत होतो. अल्ट्रावर ‘ट्रेस’ (जंतूंचा अगदी थोडा अंश) आलं तर?

प्रतिसाद २
मुलांमध्ये ट्रेस पॉझिटिव्हच धरा. त्यात रिफॅम्पिसिन हे टीबीचं औषध लागू पडेल का याचा निकाल मिळत नाही, म्हणून दुसरा नमुना मागवा, पण त्यासाठी उपचार अडवू नका.

आणि निगेटिव्ह रिपोर्टवर ‘टीबी नाही’ असं कृपया लिहू नका. स्मिअरमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली) दिसायला मिलीमागे ५ ते १० हजार जंतू लागतात. अल्ट्राला १५-२० पुरतात, पण मुलांच्या नमुन्यात कधी तेवढेही नसतात. ‘जंतू आढळले नाहीत’ एवढंच लिहा. संपर्काचा इतिहास, वजन आणि एक्स-रे बघून बालरोगतज्ज्ञ निगेटिव्हवरही औषधं सुरू करू शकतात.