पक्षभेद बाजूला ठेवणारे राजकारण

प्रश्न: बराक ओबामा २००४ साली इलिनॉय राज्याच्या विधिमंडळात असताना डेमोक्रॅटिक पक्षाच्या बोस्टनच्या अधिवेशनात, अमेरिकेची लाल (रिपब्लिकन पक्षाच्या) आणि निळ्या (डेमोक्रॅटिक पक्षाच्या) राज्यांत वाटणी करू नका, अशा आशयाचे बोलले आणि देशभर ओळखले जाऊ लागले. आपल्या नाशिकने असे काही पाहिले आहे का?

उत्तर १: होय. १९६२ च्या चीन युद्धात संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांना नाशिकने लोकसभेच्या पोटनिवडणुकीत बिनविरोध निवडून दिले.

उत्तर २: ती एकजूट युद्धाच्या सावटाखालची होती. शिवाय बिनविरोध म्हणजे मतदाराला मतच देता आले नाही. ऐक्याची भाषा करणाऱ्या नव्या नेत्याला, गोदावरीच्या प्रदूषणाबाबत विरोधकांची कोणती सूचना आपण स्वीकारली, एवढेच मी विचारीन.