खाणावळवाल्यांचं मंडळ

महिला मंडळ म्हणजे हळदीकुंकू आणि भिशी, स्थानिक इतिहासात त्यांची वेगळी नोंद कशाला, असा मुद्दा काही जण मांडतात. मला तो अजिबात पटत नाही. मुंबईतल्या कापड गिरण्यांच्या भागाचं, गिरणगावचंच बघा. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार जेवायचे कुठे? चाळीतल्या बायकांकडे. दहा बाय दहाच्या खोलीत पंधरा-वीस जणांचा स्वयंपाक व्हायचा. गिरणीतली पाळी सुटेल तशी पंगत बसायची आणि पैसे पगार झाल्यावर मिळायचे. तोवर वाणी उधारीवर माल द्यायचा, सावकार जबर व्याज लावायचा. माझी आजी लालबागला अशी खाणावळ चालवायची. तिची खातेवही अजून आमच्याकडे आहे. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक गड्याच्या नावापुढे जेवणागणिक एकेक उभी रेघ. नावं तेवढी माझ्या वडिलांनी शाळकरी अक्षरात घातलेली.

अशा बायकांना प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली 'अन्नपूर्णा महिला मंडळा'त एकत्र आणलं. (प्रेमाताई मूळच्या गोव्याच्या, तिथल्या मुक्तिलढ्यातल्या.) गहाण ठेवायला काही नसलेल्या या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळालं, तेही एकमेकींच्या भरवशावर. बचत गट हा शब्द घरोघरी पोचायच्या कितीतरी आधी!

1982 च्या गिरणी संपावर लिहिताना नेते, मोर्चे, मालक सगळे येतात. संपकऱ्यांना उधारीवर जेवू कोण घालत होतं, हे मात्र एखाद्या ओळीत उरकतात. कुणाच्या घरी अशा वह्या असतील तर कृपा करून रद्दीत देऊ नका, निदान फोटो तरी काढून ठेवा.