बंड्याला किकिंग कॅम्पला पाठवावं का?

प्रेषक: बंड्याची आई (कमिंग)
मंगळवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी,

ढोल-ताशाच्या सरावाच्या मेल्समध्ये हा वेगळाच विषय घुसवतेय, क्षमस्व. आमचा बंड्या आता अकरावीत जाईल. लहानपणापासून सॉकर खेळतो. मार्चमध्ये शाळेच्या फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल, सॉकर नव्हे) कोचनी त्याला मैदानावर लांब बॉल मारताना पाहिलं आणि विचारलं, आमच्याकडे किकर, म्हणजे बॉल पायाने मारणारा खेळाडू म्हणून येतोस का? पोरगा तेव्हापासून हवेत आहे. आता कोच म्हणतात, जूनमध्ये तीन दिवसांचा किकिंग कॅम्प असतो, तिथे पाठवा. फी साडेचारशे डॉलर, हॉटेल वेगळं.

मला फुटबॉलमधलं एवढंच कळतं की मुलं एकमेकांच्या अंगावर पडतात. ह्यांना त्याहूनही कमी कळतं. तर प्रश्न असे: डोकं-बिकं फुटणार नाही ना? कॉलेजसाठी याचा खरंच उपयोग होतो का? आणि जुलैत सासूबाईंच्या सहस्रचंद्रदर्शनाला तीन आठवडे नाशिकला जायचंय, तेवढ्यात सगळं विसरेल का?

कोणाचा मुलगा यातून गेला असेल तर कृपया लिहा.


प्रेषक: तात्या (जॉन्स क्रीक)
बुधवार, सकाळी ६:१५

वहिनी,

आमचा थोरला चार वर्षं शाळेत किकर होता. तीन उन्हाळे मी कॅम्पच्या मैदानाकडेला घडीची खुर्ची टाकून काढले, त्यामुळे लिहायचा अधिकार मिळवलाय असं समजतो. मेल लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी डोक्याचं. किकरला पंचांचं चांगलं संरक्षण असतं. किक मारताना कोणी अंगावर आदळलं तर समोरच्या संघाला १५ यार्डांचा दंड, नुसता धक्का लागला तर ५. धोका खरा कधी, तर किक अडवली जाते आणि बॉल मैदानात लोळतो तेव्हा, किंवा किकऑफनंतर, म्हणजे खेळ सुरू करणाऱ्या किकनंतर, समोरचा खेळाडू बॉल घेऊन सगळ्यांना चुकवून पुढे येतो आणि शेवटी उरतो एकटा आपला बंड्या. तेव्हा त्याला बाजूच्या रेषेकडे ढकलायला शिकवतात, छातीवर घ्यायला नाही.

सॉकरचा पाय उपयोगी पडतो हे खरंच. पूर्वी इथे सगळे सरळ धावत येऊन बुटाच्या टोकाने मारायचे. हंगेरीतून आलेला पीट गोगोलाक १९६४मध्ये बफेलोच्या संघात आला आणि तिरका धावत येऊन पावलाच्या वरच्या बाजूने मारू लागला. आधी लोकांना ते विचित्र वाटलं, आज सगळे तसंच मारतात. पण सॉकरच्या काही सवयी मोडाव्या लागतात, आणि कॅम्पचा पहिला दिवस त्यातच जातो. सॉकरमध्ये पोरं मागे झुकून पाय शरीरावरून आडवा ओढतात, बॉल छान वळतो. इथे वळलेला बॉल खांबाबाहेर. किक झाल्यावर शरीर लक्ष्याच्याच दिशेने पुढे जायला हवं. रोवलेला पाय बॉलपासून किती अंतरावर आणि त्याचा अंगठा कुठे बघतोय, यावर आमच्या पोराने पहिल्या उन्हाळ्यात अख्खी एक दुपार घालवली. बॉल न मारता! मला तेव्हा वाटलं पैसे पाण्यात गेले. ऑक्टोबरमध्ये कळलं, नाही गेले.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. शाळेत फील्ड गोल (बॉल दोन गोलखांबांमधून मारून गुण मिळवणं) मारताना बॉलखाली २ इंचांपर्यंतचा ठोकळा चालतो. कॉलेजात १९८९पासून तो बंद आहे, बॉल थेट जमिनीवरून. शिवाय शाळेचे गोलखांब २३ फूट ४ इंच रुंद, कॉलेजचे आणि एनएफएलचे (इथल्या व्यावसायिक लीगचे) १८ फूट ६ इंच. म्हणजे शाळेत ठोकळ्यावरून पन्नास यार्ड मारणारा मुलगा कॉलेज कोचला फारसं काही सांगत नाही. बंड्याला पहिल्या दिवसापासून ठोकळा काढून सराव करायला लावा. रडेल, अंतर दहा यार्डांनी कमी होईल, होऊ दे.

आता कॉलेजचं. कॅम्पवाले शेवटच्या दिवशी स्पर्धा घेतात, प्रत्येक किक कागदावर टिपतात, मग मुलांना स्टार देतात आणि क्रमवारी लावतात. स्टारवर आईबापांचा जीव अडकतो. हे स्टार कॅम्पने स्वतःच दिलेले असतात हे विसरू नका. काही कॉलेज कोच बघतात, पण त्यांना हवा असतो सलग न कापलेला व्हिडिओ, हुकलेल्या किकसकट. आणि जागाच थोड्या: एका संघात किकर, पंटर (हातातून सोडलेला बॉल हवेतच मारून लांब पाठवणारा), स्नॅपर सगळे मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. २०२५पासून मोठ्या कॉलेजांमध्ये संघाची मर्यादा बहुतेक ठिकाणी १०५ झाली, त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय संघात घुसणाऱ्यांची वाट आणखी अरुंद झाली. किकर लोक बहुधा त्याच वाटेने आत येतात. म्हणून फीच्या बदल्यात शिष्यवृत्ती असा हिशोब मांडू नका. पायाचं तंत्र सुधारणार असेल तर पाठवा, नाहीतर तोच पैसा नाशिकच्या तिकिटात घाला.

बंड्याला यंगहो कूबद्दल सांगा. कोरियात जन्मला, सहावीच्या वयात न्यू जर्सीत आला तेव्हा इंग्रजी जेमतेम. सॉकरच्या पायामुळे फुटबॉलमध्ये ओढला गेला, कॉलेज आपल्या जॉर्जिया राज्यातलं, जॉर्जिया सदर्न. २०१७मध्ये एनएफएलच्या संघाने चार सामन्यांत घरी पाठवला. २०१९मध्ये अटलांटा फाल्कन्सने घेतला आणि २०२०च्या हंगामात त्याने ३९पैकी ३७ फील्ड गोल मारले. आमच्या घरी फ्रिजवर त्याचा फोटो होता, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी.

जुलैतले तीन आठवडे उलट चांगलेच. पायाला विश्रांती मिळेल. बॉल बरोबर न्या. पंटिंगमध्ये अवघड असतो तो ड्रॉप, म्हणजे हातातून बॉल सोडणं. वर उडवायचा नाही, तळहातावरून नुसता खाली ठेवल्यासारखा सोडायचा, बॉलचं नाक किंचित आत आणि खाली. हे नाशिकच्या गच्चीवरही होतं. आपला जॉर्जियाचाच रे गाय, ज्याच्या उंच पंटमुळे १९७३मध्ये पहिल्यांदा एका पंटरला पहिल्या फेरीत निवडलं गेलं, त्याचाही बॉल हातातून सुटल्यावरच पायाला लागत होता ना!

— तात्या


प्रेषक: बाळूकाका (अल्फारेटा)
बुधवार, दुपारी १:०२

तात्या, मेल दोनदा वाचली. एका खेळाला फुटबॉल म्हणायचं आणि पाय लावायचा अख्ख्या संघात दोघा-तिघांनी, हे कोडं मला इथे येऊन एकतीस वर्षांनीही सुटलेलं नाही.

पण एक शंका. तो वाकून दोन्ही पायांमधून मागे बॉल फेकणारा माणूस, त्यालाही कॅम्प असतो? आमच्या शाळेत असं पायांतून उलटं बघत उभं राहिलं की गुरुजी पाठीत धपाटा घालायचे. आणि पंटच्या वेळी १५ यार्ड फेकायचं म्हणजे क्रिकेटच्या पिचच्या दोन तृतीयांशाहून थोडं जास्तच झालं, तेही डोकं खाली घालून. बुमराहला सांगून बघा.


प्रेषक: स्नॅपरची आई (सुवानी)
बुधवार, संध्याकाळी ७:४८

बाळूकाका, तो माणूस म्हणजे आमचा धाकटा.

तात्यांच्या एवढ्या लांब मेलमध्ये स्नॅपरला एक शब्द मिळाला. हे आम्हाला सवयीचं आहे, पण तरी लिहिते. फील्ड गोलमध्ये स्नॅप सुटल्यापासून बॉलला पाय लागेपर्यंत साधारण १.३ सेकंद जातात. त्यात स्नॅपर सात-आठ यार्ड मागे बॉल फेकतो, होल्डर तो झेलतो, जमिनीवर टेकवतो, बॉलवरची दोरीची शिवण, म्हणजे लेस, पुढे येईल असा फिरवतो, आणि मग तुमचा किकर येतो. चांगला स्नॅपर बॉल असा सोडतो की ठरलेल्या अंतरात तो दरवेळी तितक्याच वेळा फिरतो आणि होल्डरच्या हातात पडताना लेस आपोआप बरोबर जागी येते. होल्डरला फिरवायचं कामच उरत नाही. एखादा भोवरा दरवेळी तितक्याच फेऱ्यांवर थांबवून दाखवा, मग कळेल! पंटचा स्नॅप १५ यार्ड, आणि मोठे पोरगे तो पाऊण सेकंदात पोहोचवतात. आमचा अजून ०.८५वर आहे.

सराव कोणाबरोबर? माझ्याबरोबर. दीड वर्ष मी गॅरेजसमोर ओव्हनचे हातमोजे घालून उभी राहिले. गॅरेजच्या दाराला सात खड्डे आहेत, विमावाल्यांना काय सांगायचं ते अजून ठरलं नाही.

आता कॅम्पबद्दल माझा अनुभव. गेल्या वर्षी ज्या कॅम्पला नेलं तिथे पन्नासहून जास्त पोरं आणि स्नॅपिंग शिकवणारा एकच कोच. पोराने पहिल्या सकाळी नऊ स्नॅप मारले, बाकी वेळ रांगेत. त्यामुळे वहिनी, फी भरण्याआधी एकच विचारा: एका कोचमागे किती पोरं? आणि दुसरं, किकर, स्नॅपर, होल्डर एकत्र सराव करतात का, की प्रत्येकाला वेगळ्या कोपऱ्यात उभं करतात? बंड्या तीन दिवस स्टँडवर ठेवलेला बॉल मारून आला, तर सप्टेंबरमध्ये खराखुरा होल्ड बघून गांगरेल.

आणि शाळेच्या नियमांत किकच्या वेळी स्नॅपरच्या अंगावर थेट धावून जायला मनाई आहे. बिचाऱ्याचं डोकं खाली असतं.


प्रेषक: डॉक्टर वहिनी (डन्वूडी)
गुरुवार, सकाळी ७:३०

थोडक्यात लिहिते, क्लिनिकला निघालेय. किक मोजा. वाढत्या वयात मांडीचा सांधा आणि जांघेचे स्नायू दुखावले की हंगाम गेलाच. तीन दिवसांच्या कॅम्पमध्ये पोरं उत्साहात दोन-दोनशे किक मारतात आणि मग माझ्याकडे येतात. पाय दुखला तर "आज बस" म्हणायची मुभा त्याला घरून देऊन ठेवा, तिथे कोच देतीलच असं नाही. जॉर्जियाच्या शाळांना उष्णता, दमटपणा आणि ऊन एकत्र मोजणाऱ्या मापकावर (WBGT) ९२ फॅरनहाइटच्या वर बाहेर सराव बंद करण्याचा नियम आहे. खासगी कॅम्पला तो लागू आहे का हे आधी विचारून घ्या. पाण्यासोबत मिठाचं काहीतरी द्या, चिवडाही चालेल.


प्रेषक: बंड्याची आई (कमिंग)
रविवार, २९ जून, रात्री १०:२०

मंडळी, उत्तरांबद्दल मनापासून आभार. शेवटी दुसरा कॅम्प शोधला, दोन दिवसांचा, एका कोचमागे आठ मुलं. स्नॅपरच्या आईंनी सांगितलेला प्रश्न विचारला, तर फोनवरचा माणूस हसला आणि म्हणाला, हे सहसा कोणी विचारत नाही.

बंड्याला तीन स्टार मिळाले. दोन दिवस तोंड पाडून बसला होता. ठोकळ्याविना त्याचे ३८ यार्ड झाले, ठोकळ्यावर ४६ होते. तात्या, तुमचे दहा यार्ड आठवर आले. पंट एकदा ४० यार्ड आणि जवळजवळ ४ सेकंद हवेत राहिला, बाकीचे आडवे-तिडवे. एक शेजारच्या व्हॉलीबॉलवाल्या मुलींमध्ये.

पण घरी आल्यावर पहिलं वाक्य होतं, "मला होल्डर हवा." त्यामुळे गेला आठवडाभर हे ऑफिसमधून आल्यावर अंगणात एक गुडघा टेकून बॉल धरून बसतायत. सुरुवातीला डोळे मिटायचे, आता उघडे ठेवतात. काल एकदा बोटांवर बसली.

सुवानीच्या वहिनी, तुमचा धाकटा आणि आमचा बंड्या, दोघांना एकत्र आणता येईल का? शनिवारी सकाळी, ऊन व्हायच्या आत. पोहे माझ्याकडे. ओव्हनचे हातमोजेही माझ्याकडे आहेत.

आणि कोणाकडे फरशी बसवताना वापरतात तसले गुडघ्याचे पॅड पडलेले असतील तर ह्यांच्यासाठी चार दिवस हवे होते. नाशिकहून परत आल्यावर लगेच देते.