विषय: शनिवारचं शिबिर – डॉक्टर नाहीत, मृण्मयीने औषधं दिली तर चालतील का?

प्रेषक: विनया, आरोग्य समिती

मंडळी,
डॉक्टरसाहेबांचा आत्ताच फोन आला. शनिवारी त्यांना हॉस्पिटलची ड्यूटी लागली आहे. नऊ ते एक फोनवर मिळतील, पण हॉलवर येता येणार नाही. पत्रकावर ‘मोफत तपासणी आणि औषधं’ असं आहे आणि ते उद्या रात्री छपाईला जातंय. गेल्या शिबिराची दोन खोकी माझ्या गॅरेजमध्ये आहेत: अ‍ॅमॉक्सिसिलिन, ऑन्डॅनसेट्रॉन, दोन इनहेलर, सेटिरिझिन, आयबुप्रोफेन, ओआरएस आणि कुणीतरी दिलेल्या कॉम्बिफ्लॅमच्या पट्ट्या.
मृण्मयी पीए (फिजिशियन असिस्टंट, म्हणजे डॉक्टरच्या देखरेखीखाली रुग्ण तपासणारी) आहे आणि रोज औषधं लिहिते. तिने टेबल सांभाळलं तर नियमात बसतं का? सरळ हो किंवा नाही सांगा. जेवणाच्या रांगेचं बोलणं वेगळ्या धाग्यावर करा.

---

प्रेषक: मृण्मयी

विनयाकाकू,
सरळ उत्तर ‘नाही’ आहे. पण ‘पीएला औषधाचा अधिकारच नसतो’ असं कुणी त्यातून समजू नये.

कॅलिफोर्नियात पीए औषधाची ऑर्डर लिहू शकतो आणि फार्मसी ती प्रिस्क्रिप्शन म्हणूनच भरते. मात्र हा अधिकार नुसत्या लायसन्सवर चालत नाही, त्याच्यासोबत डॉक्टरबरोबर सही केलेला प्रॅक्टिस अ‍ॅग्रीमेंट लागतो. एसबी ६९७ हा राज्याचा कायदा १ जानेवारी २०२० ला लागू झाला, तेव्हापासून जुन्या डेलिगेशन अ‍ॅग्रीमेंटच्या जागी हा आला. त्यात कोणत्या सेवा, देखरेख कशी, कौशल्य कसं तपासणार आणि औषधं कोणती, हे सगळं लिहावं लागतं. माझा अ‍ॅग्रीमेंट माझ्या क्लिनिकशी आहे, तिथल्या डॉक्टरांच्या रुग्णांसाठी. हॉलवर तो माझ्या मागे येत नाही, आणि माझा मालप्रॅक्टिसचा विमाही नोकरीच्या जागेपुरताच आहे.

लिहून देणं आणि हातात देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. हातात देण्यासाठी बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ४१७० बघावं लागतं. त्यानुसार पीए आपल्या सुपरवायझिंग डॉक्टरच्या रुग्णाला, डॉक्टरने, उत्पादकाने किंवा फार्मासिस्टने आधीच पॅक केलेलं, नीट लेबल लावलेलं औषध देऊ शकतो. यातला प्रत्येक शब्द अट आहे. शिबिरात रांगेत उभा असलेला माणूस कुणाचाच रुग्ण नाही. त्याची नोंद नाही, अ‍ॅलर्जी विचारलेली नाही.

---

प्रेषक: शशिकांत, कोषाध्यक्ष

विनयाताई, मृण्मयी,
डॉक्टरसाहेब चार तास फोनवर आहेत ना? डॉक्टर त्याच खोलीत हवा अशी अट आता नाही, हे मृण्मयीनेच संक्रांतीच्या कार्यक्रमात सांगितलं होतं. मग आज रात्री दोघांनी अ‍ॅग्रीमेंटवर सही करावी आणि प्रश्न मिटवावा. हॉलची अनामत परत मिळत नाही, तीन वर्षं आपण हे शिबिर चालवतोय आणि वयस्कर मंडळी त्यावर अवलंबून असतात.
शिवाय खोक्यात ‘डेंजरस’ काहीच नाही. अ‍ॅमॉक्सिसिलिन तर लहान मुलांनाही देतात.

---

प्रेषक: अरुंधती

शशिकांतदादा, फक्त शेवटच्या मुद्द्यावर लिहिते.
कॅलिफोर्नियाच्या कायद्यात ‘डेंजरस ड्रग’ म्हणजे ज्याला प्रिस्क्रिप्शन लागतं ते कुठलंही औषध. कलम ४०२२ पाहा. अ‍ॅमॉक्सिसिलिन, ऑन्डॅनसेट्रॉन आणि इनहेलर तिन्ही त्यात येतात. व्यसनाचा धोका असलेली औषधं ही ‘कंट्रोल्ड सबस्टन्स’ म्हणून वेगळी यादी आहे. फार्मसीच्या काउंटरवरसुद्धा या दोन शब्दांची गल्लत रोज होते.

आता खोक्यांबद्दल. मंडळ ही ना-नफा संस्था आहे. प्रिस्क्रिप्शनची औषधं बाळगायचा परवाना मंडळाला नाही आणि विनयाताईंच्या गॅरेजलाही नाही. साठा कुणाचा, हे आधी ठरवा. डॉक्टरसाहेबांच्या क्लिनिकमधून आला असेल तर तो त्यांचाच आहे आणि त्यांच्याकडेच परत जायला हवा. फार्मसीतला टाकाऊ औषधांचा किऑस्क घरगुती औषधांसाठी असतो, क्लिनिकचा साठा त्यात टाकू नका.

आणि गॅरेज! या गोळ्या २० ते २५ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायच्या असतात, थोड्या काळासाठी १५ ते ३० चालतं. आपल्याकडे सप्टेंबरात बंद गॅरेज ३५ च्या वर जातं. इनहेलर हा दाबाखालचा डबा आहे, तो तापला की धोका वेगळाच. त्या खोक्यातली कुठलीही गोळी मी कुणाला देणार नाही, मुदत शिल्लक असली तरीही.

---

प्रेषक: संजीव, डॅलस

मंडळी, मी अजून यादीवर आहे म्हणून लिहितो. आमच्याकडे पीए शेड्यूल २ ची औषधं (कंट्रोल्ड औषधांचे व्यसनाच्या धोक्यानुसार शेड्यूल असतात) फक्त हॉस्पिटलात लिहू शकतो, तेही इमर्जन्सी विभागात किंवा २४ तास वा जास्त राहण्यासाठी दाखल झालेल्या रुग्णाला, आणि हॉस्पिसमध्ये. शेड्यूल ३ ते ५ ची औषधं रिफिल धरून ९० दिवसांपर्यंत. तुमच्याकडेही असंच असणार.

---

प्रेषक: मृण्मयी

संजीवकाका, ते टेक्सासचं झालं, इथे तसं नाही. डीईए या कंट्रोल्ड औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या खात्याचा नंबर फेडरल असला तरी पीएने काय लिहावं हे राज्य ठरवतं, आणि प्रत्येक राज्यासाठी डीईएची नोंदणी वेगळी लागते. इथे शेड्यूल २ लिहिता येतं, पण प्रॅक्टिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये तसं लिहिलेलं हवं आणि ठरलेला कोर्स झालेला हवा. पहिल्यांदा लिहिण्याआधी क्युअर्स हा कंट्रोल्ड औषधांच्या नोंदींचा राज्याचा डेटाबेस बघावा लागतो, उपचार चालू राहिले तर दर सहा महिन्यांनी पुन्हा. शिवाय २७ जून २०२३ पासून डीईएची नोंदणी किंवा नूतनीकरण करताना व्यसनोपचाराचं ८ तासांचं प्रशिक्षण झाल्याचं सांगावं लागतं, ते एकदाच. (लंडनला गेलेल्या मंडळींसाठी: ब्रिटनमध्ये पीएला प्रिस्क्रिप्शनचा अधिकारच नाही. १३ डिसेंबर २०२४ पासून जीएमसीची (तिथल्या वैद्यकीय परिषदेची) देखरेख आली, तरी तो मिळालेला नाही.)
शिबिरात कंट्रोल्ड औषध नसतंच, तेव्हा हा विषय इथे थांबवू.

शशिकांतकाका, सहीबद्दल: कायद्याने दुसरा अ‍ॅग्रीमेंट करता येतो, पीए बोर्डाची मंजुरीही लागत नाही. डॉक्टर फोनवर असले तरी देखरेख मानली जाते, हे तुमचं बरोबर आहे. पण सही झाली तरी पुढचं सगळं उरतंच: प्रत्येकाची नोंद उघडणं, तपासणी लिहून ठेवणं, अडलं तर डॉक्टरांना त्याच वेळी फोन करणं, सोमवारी रिपोर्ट आला तर कोण बघणार हे ठरवणं. चार तासांत साठ-सत्तर माणसं येतात. ज्याच्या पेनिसिलिनच्या अ‍ॅलर्जीची मला माहिती नाही, त्याच्या हातात अ‍ॅमॉक्सिसिलिन द्यायला मी तयार नाही.

---

प्रेषक: शशिकांत

मग सॅम्पल्स? कंपनीच्या पाकिटातली, फुकट वाटायची. त्याला काय अडचण आहे?

---

प्रेषक: अरुंधती

सॅम्पलला वेगळी वाट आहे, कलम ४१७१. उत्पादकाच्याच पाकिटात, पैसे न घेता, मर्यादित प्रमाणात, आणि रुग्णाच्या चार्टवर नोंद करून. चार्टची अट तिथेही आहे, म्हणजे गाडी पुन्हा तिथेच अडते. प्रॅक्टिस अ‍ॅग्रीमेंटमध्ये नाव असलेल्या औषधाच्या सॅम्पलसाठी पीए सही करू शकतो, पण ते त्याच्या प्रॅक्टिससाठी, मंडळासाठी नाही. सॅम्पल विकणं तर १९८७ च्या फेडरल कायद्यानेच बंद आहे, म्हणून देणगीपेटी त्या टेबलाजवळ चुकूनही ठेवू नका.

लेबलवर काय लागतं तेही सांगते, पुढच्या वर्षी कामाला येईल: रुग्णाचं नाव, औषधाचं नाव, ताकद, संख्या, कसं घ्यायचं, तारीख, डॉक्टरचं नाव आणि पीएचंही, पत्ता, मुदत, शिवाय गोळीचा रंग, आकार आणि तिच्यावरचा कोड. डबी लहान मुलांना न उघडणारी. आणि ‘हे औषध तुम्ही बाहेरच्या फार्मसीतूनही घेऊ शकता’ असं लेखी सांगावं लागतं. झिपच्या पिशवीत सहा गोळ्या घालून वर पेनाने ‘दिवसातून तीन वेळा’ लिहिणं यातलं काहीच भागवत नाही. गेल्या वर्षीच्या फोटोत ते मी पाहिलं आणि फार वाईट वाटलं.

प्रिस्क्रिप्शन न लागणाऱ्या औषधांचंही ऐका. सेटिरिझिन किंवा २०० मिलिग्रॅमचं आयबुप्रोफेन मोठ्या बाटलीतून सुटं काढून देऊ नका, बाटलीवरचा सूचनांचा तक्ता मागेच राहतो. ठेवायचंच असेल तर एका मात्रेची छापील सीलबंद पाकिटं ठेवा. आणि कॉम्बिफ्लॅम काढून टाका. त्यात ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं. इथे ४०० ची आयबुप्रोफेनची गोळी प्रिस्क्रिप्शनवर मिळते. पॅरासिटामॉलला इथे अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात, त्यामुळे लोक वरून टायलेनॉलही, म्हणजे तेच औषध पुन्हा, घेतात.

---

प्रेषक: विनया

म्हणजे टेबलच बंद करायचं का? भारतातून आलेले आई-वडील औषध संपलं म्हणून येतात, त्यांना काय सांगू? दर वर्षी हाच प्रश्न सगळ्यात जास्त येतो. आणि टेबलाची जागा आरोग्य समितीच ठरवेल, खाद्य समिती नाही. गेल्या वेळी बीपी मोजताना मागे मिक्सर चालू होता.

---

प्रेषक: मृण्मयी

काकू, टेबल बंद करू नका, त्याचं काम बदला.

भारतातल्या डॉक्टरची चिठ्ठी इथली फार्मसी भरत नाही. कुणीतरी इथल्या लायसन्सवर नवी ऑर्डर द्यायला हवी, आणि तेवढ्यासाठी क्लिनिकमधला पीए पुरतो, डॉक्टरच हवा असं नाही. २०२२ पासून कॅलिफोर्नियात बहुतेक ऑर्डर संगणकावरूनच जातात, म्हणून हॉलवर मी कागदाची चिठ्ठी फाडून देणार नाही. पण क्लिनिकला जाताना त्यांच्या हातात एक नीट कागद असेल तर अर्धं काम होतं. तो कागद मी टेबलावर बसून करून देईन.

कागदावर ब्रँड नको, मूळ नाव आणि मिलिग्रॅम हवं. टेल्मा ४० म्हणजे टेल्मिसार्टन ४०, ते इथे सहज मिळतं. ग्लायकोमेट-जीपी १ म्हणजे मेटफॉर्मिन ५०० आणि ग्लिमेपिराइड १. ही जोडगोळी इथे नाही, दोन वेगळ्या गोळ्या लिहाव्या लागतात. मेटफॉर्मिन एसआर (हळूहळू विरघळणारी गोळी) असेल तर इथे त्याला ईआर म्हणतात, ते लिहायचं राहिलं की साधी गोळी मिळते आणि पोट बिघडतं. थायरोनॉर्म ५० हे मायक्रोग्रॅम आहे, इथल्या लेबलवर त्याच्या शेजारी ०.०५ मिलिग्रॅमही दिसेल. ते बघून आजी घाबरतात आणि दोन गोळ्या घेतात. इकोस्प्रिन (अ‍ॅस्पिरिन) ७५ ऐवजी इथे ८१ ची मिळते, पण स्टेंट असेल तर विचारल्याशिवाय काही बदलायचं नाही. व्हिल्डाग्लिप्टिन आणि टेनेलिग्लिप्टिन या मधुमेहाच्या औषधांना अमेरिकेत मान्यताच नाही, कुणीच लिहून देऊ शकत नाही. त्याऐवजी काय द्यायचं हे तपासणीनंतरच ठरतं, म्हणून अशा लोकांना पट्टी संपायच्या दोन आठवडे आधी पाठवा.

डबीवरच्या सूचना मराठीत मिळत नाहीत. राज्याच्या फार्मसी बोर्डाकडे चिनी, कोरियन, रशियन, स्पॅनिश आणि व्हिएतनामी भाषांतरं आहेत, फार्मसी त्यापलीकडे बांधील नाही. ‘सकाळी उपाशीपोटी’, ‘जेवणानंतर’, ‘रात्री झोपताना’ अशा छापील मराठी चिकटपट्ट्या मंडळाने केल्या तर त्यांचा फार उपयोग होईल. घरच्यांनी त्या लेबलशेजारी लावाव्यात, लेबलवर नाही.

बीपी: पाच मिनिटं बसवून, पाठ टेकवून, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीला, एका मिनिटाच्या अंतराने दोनदा. १८०/१२० च्या वर आणि छातीत दुखणं, बोलताना अडखळणं किंवा एका बाजूला अशक्तपणा असेल तर ९११. अशा वेळी मी माणूस म्हणून आणि पीए म्हणून मदत करणारच, आणीबाणीसाठी कायद्यात वेगळं संरक्षण आहे. पण गोळ्यांचं टेबल मांडणं ही आणीबाणी नव्हे.

---

प्रेषक: शशिकांत

शुगरचं काय? सुई टोचून बघायला परवाना लागत नाही ना?

---

प्रेषक: अरुंधती

लागतो. दुसऱ्याची शुगर मोजली की ती लॅब टेस्ट होते. क्लिया या लॅब चाचण्यांच्या फेडरल कायद्याखालचं वेव्हर (साध्या चाचण्यांसाठीचं प्रमाणपत्र) लागतं, शिवाय शिबिरासाठी काउंटीकडे आधी नोंद. शनिवारपर्यंत ते होणार नाही. ज्यांचं स्वतःचं मशीन आहे त्यांनी ते आणावं आणि स्वतः मोजावं, मी आकडा लिहून घेईन.

---

प्रेषक: विनया

ठीक आहे. पत्रकातून ‘आणि औषधं’ हे शब्द काढले. आता मजकूर असा: ‘मोफत रक्तदाब तपासणी. भारतातली औषधं चालू असतील तर सर्व पट्ट्या पिशवीत घेऊन या, इथल्या डॉक्टरांसाठी यादी करून मिळेल.’
दोन्ही खोकी शुक्रवारी संध्याकाळी डॉक्टरसाहेबांच्या क्लिनिकवर पोचवते. कॉम्बिफ्लॅम आणि इतर घरगुती पट्ट्या अरुंधती घेऊन जाईल. शशिकांतदादा, चिकटपट्ट्यांच्या छपाईचे पैसे आरोग्य समितीच्या खात्यातून टाका, सांस्कृतिकच्या नाही. टेबल मागच्या दाराजवळ, स्वयंपाकघरापासून लांब. चार खुर्च्या पाठ असलेल्या हव्यात, स्टूल नकोत.